कोयना धरण सुरक्षित आहे का, आणि त्याच्या खाली घर बांधावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपले गाव पाटणच्या खालच्या अंगाला, कोयना नदीच्या काठी आहे आणि जुने घर उतरवून त्याच जागी नवे बांधायचे आहे. भूकंपाचा हादरा बसला की मोबाइलवर धरणाला तडा गेल्याचे संदेश फिरू लागतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मात्र भूकंपाचा केंद्रबिंदू हेळवाकच्या नैऋत्येस इतके किलोमीटर आणि ‘धरणाला कोणताही धोका नाही’ एवढेच छापून येते. यांपैकी कशावर विश्वास ठेवावा आणि त्या जागी घर बांधणे शहाणपणाचे आहे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी स्थापत्य अभियंता असून नोकरीचा बराच काळ धरणांच्या तपासणीत गेला आहे. निष्कर्ष आधी सांगतो, म्हणजे कारणे वाचताना गोंधळ होणार नाही. भिंत फुटेल या भीतीने गाव सोडावे असे मला दिसत नाही. परंतु त्याच जागी घर बांधावे की नाही, हा प्रश्न भिंतीचा नाहीच. तो सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी सोडण्याच्या वाटेवरच्या, दरवाजांचा आहे. नियमानुसार, योग्य वेळी, पूर्वसूचना देऊन उघडलेल्या दरवाजांतून येणारे पाणी आपल्या अंगणात येते की नाही, हे आधी पाहावे लागेल. धरण फुटण्याची चर्चा गावोगाव होते, पण नदीकाठच्या माणसाला आयुष्यात अनेकदा सामना करावा लागतो तो न फुटलेल्या, व्यवस्थित चाललेल्या धरणातून सोडलेल्या पाण्याचा.

आता भिंतीविषयी. देशमुखवाडीजवळ, म्हणजे आजच्या कोयनानगरला, उभे असलेले हे धरण पायापासून सुमारे १०३ मीटर उंच आणि सुमारे ८०७ मीटर लांब आहे. ते मातीचे नाही आणि निव्वळ काँक्रीटचेही नाही. काँक्रीटमध्ये मोठे दगड बसवून केलेले रबल काँक्रीटचे ते गुरुत्व धरण आहे. गुरुत्व धरण पाण्याचा रेटा स्वतःच्या वजनावर तोलून धरते. त्याचे दोन शत्रू असतात. एक म्हणजे पाण्याचा आडवा रेटा, जो सर्वांना दिसतो. दुसरा म्हणजे पायाखालच्या खडकात आणि भिंतीच्या अंगात शिरून तिला वर उचलू पाहणारा पाण्याचा दाब, ज्याला आम्ही उत्थापक दाब म्हणतो आणि जो कोणालाच दिसत नाही. हा दाब कमी राहावा म्हणून पायाच्या खडकात सिमेंटचा पडदा भरलेला असतो, त्यामागे निचऱ्याची भोके असतात आणि त्यांतून येणारे पाणी धरणाच्या पोटातील गॅलरीत, म्हणजे आतल्या तपासणीच्या बोगद्यात, गोळा होऊन मोजले जाते. म्हणून गॅलरीत पाणी पाझरताना पाहून घाबरणारा पाहुणा आणि ती कोरडी पाहून खूश होणारा नवा अभियंता, दोघेही चुकतात. ज्या भोकातून वर्षानुवर्षे पाणी येत होते ते एकाएकी कोरडे पडले, तर बहुधा सिमेंटमधून विरघळून आलेल्या चुन्याने ते बुजलेले असते आणि तेथील दाब आत साठू लागलेला असतो.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जे घडले, त्याचा उल्लेख टाळून कोयनेबद्दल बोलता येत नाही. भूकंपाची तीव्रता ६.३ होती, सुमारे १८० माणसे दगावली आणि कोयनानगरची वस्ती जवळजवळ भुईसपाट झाली. मृत्यूंचे कारण धरण फुटणे नव्हते. दगडमातीची आणि कमकुवत बांधणीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आपण घर बांधणार आहात म्हणून हे लक्षात ठेवायला सांगतो. त्याकडे पुढे येईन.

त्या पहाटे धरणाच्या गॅलरीत बसवलेल्या त्वरणमापकाने, म्हणजे धक्क्याचा जोर मोजणाऱ्या उपकरणाने, भिंतीच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट, तर प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट इतका कमाल धक्का नोंदवला. धरणाचे संकल्पन करताना भूकंपासाठी धरलेला गुणांक ०.०५ होता. या दोन आकड्यांची तुलना करून ‘दहापट धक्का सोसला’ असे अनेकदा लिहिले जाते, ते शास्त्राला धरून नाही. एक आकडा संपूर्ण गणितात स्थिर भार म्हणून वापरलेला आहे आणि दुसरा क्षणभर येऊन गेलेला कमाल झटका आहे. तरीही एवढे खरे की, संकल्पनकारांनी ज्याची कल्पना केली नव्हती असा तो भूकंप होता. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, अशी तेव्हाची समजूत होती. ती समजूत त्या पहाटे मोडली आणि पुढे १९७० साली भूकंपप्रवणतेच्या नकाशात कोयनेचा परिसर चौथ्या क्षेत्रात घेतला गेला.

त्या धक्क्याने तडे गेले, हे खरे आहे. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या, ज्यांवरून पाणी वाहत नाही अशा उंच खंडांमध्ये आडवे तडे पडले. ते पाण्याच्या बाजूला आणि खालच्या बाजूला, दोन्हीकडे दिसले आणि काही ठिकाणी खालच्या अंगाला पाझरही दिसू लागला. हे तडे कोठेही, कसेही गेले नव्हते. माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जेथे भिंतीचा उतार एकदम बदलतो आणि खालचा रुंद भाग वरच्या सडपातळ भागाला मिळतो, तेथे ते एकवटले होते. भिंतीचा माथा जेव्हा पुढेमागे हलतो तेव्हा ताण अशाच तीव्र वळणावर साचतो. जगभरातील धरण अभियांत्रिकीच्या अभ्यासात कोयनेच्या त्या उंच खंडाचे प्रारूप आजही उदाहरण म्हणून सोडवले जाते, कारण एका मोठ्या काँक्रीट धरणाने एवढा जवळचा भूकंप सोसल्याची नोंद आणि झालेल्या नुकसानाचे तपशील, दोन्ही एकाच ठिकाणी मिळण्याचे प्रसंग फार थोडे आहेत.

म्हणजे मोबाइलवर फिरणारा तड्याचा संदेश पूर्ण खोटा नाही. तो अर्धशतकाहून अधिक जुना आहे, एवढेच. पुढे काय झाले ते त्या संदेशात नसते. तडे इपॉक्सीने भरले गेले, माथ्यापासून खाली ताणलेल्या पोलादी तारांनी खंड बांधून घेतले गेले, अंतर्गत दाब कमी करण्यासाठी भोके पाडली गेली आणि त्यानंतर न-सांडवा भागाला खालच्या बाजूने काँक्रीटचा जाड आधार देऊन त्याचे मजबुतीकरण १९७३ च्या सुमारास पूर्ण झाले. आज कोयनानगरच्या बाजूने धरणाकडे पाहिले तर जी भिंत दिसते, ती १९६७ ची भिंत नव्हे. तिच्या पाठीला भक्कम पुस्ती जोडलेली आहे. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण मात्र बरेच उशिरा, २००६ मध्ये झाले. मधल्या तीन दशकांहून अधिक काळात ते व्हायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे; पण आज ते झालेले आहे.

आता नेहमीच्या हादऱ्यांकडे वळू. १९६१-६२ पासून जलाशयात पाणी साठू लागले आणि त्यानंतर या भागात सौम्य धक्के जाणवू लागले. पाण्याच्या वजनाने जमिनीवरचा भार वाढतो, हे एक कारण; त्याहून महत्त्वाचे म्हणजे खडकांच्या भेगांतून खोलवर पाणी शिरते, तेथील दाब वाढतो आणि आधीच तणावाखाली असलेल्या भ्रंशाला, म्हणजे खडक जिथे सरकू शकतो त्या भेगेला, घट्ट धरून ठेवणारे घर्षण कमी होते. धरणाने भूकंप ‘निर्माण’ केला, असे म्हणणे त्यामुळे चूक ठरते. साठलेला ताण मोकळा होण्याला त्याने निमित्त दिले, असे म्हणणे योग्य. जलाशयातील पातळी किती वेगाने वाढली, ती पूर्वीच्या उच्चांकाच्या वर गेली का आणि वरच्या पातळीला पाणी किती काळ राहिले, यांच्याशी या हालचालींचा संबंध भूशास्त्रज्ञांनी दाखवला आहे. १९८० च्या दशकात दक्षिणेला वारणा जलाशय भरू लागल्यावर धक्क्यांचा पट्टाही त्या दिशेला सरकला. हे सर्व प्रत्यक्ष खोलीवर जाऊन अभ्यासता यावे म्हणून कऱ्हाडला खास संशोधन केंद्र उभारले गेले आणि गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल वेधन विवर घेण्यात आले. तेथे बेसाल्टचा थर संपून खालचा प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. हे भूकंप त्याच खालच्या खडकात होतात.

आपल्याला जाणवणारा ३ तीव्रतेचा हादरा आणि १९६७ चा ६.३ तीव्रतेचा भूकंप यांच्या आकड्यांत ३.३ चे अंतर दिसते, पण मुक्त होणाऱ्या ऊर्जेत ते सुमारे नव्वद हजार पटींचे असते. भांडी वाजवणाऱ्या धक्क्याने शंभर मीटर उंचीच्या काँक्रीटच्या भिंतीला इजा होत नाही. तेव्हा ‘धरणाला धोका नाही’ हे वाक्य अशा धक्क्यानंतर बहुतेक वेळा खरेच असते. माझी तक्रार वेगळी आहे. भूकंपानंतर अर्ध्या तासात ते वाक्य प्रसिद्ध होते आणि कशाच्या आधारे, ते कोणी विचारत नाही. त्वरणमापकाने धरणाच्या पायथ्याशी आणि माथ्याशी किती धक्का नोंदवला, गॅलरीतील पाझर भूकंपाच्या आधी किती होता आणि नंतर किती, लंबकाच्या तारेने माथ्याचे विचलन किती दाखवले, उत्थापक दाबाच्या नळ्यांतील पातळी बदलली का, ही चार मोजमापे दोन ओळींत देता येतात. ती दिली असती तर त्या तड्याच्या संदेशांना इतके पाय फुटले नसते.

मोजमापांविषयी एक गोष्ट सामान्य वाचकाला उपयोगी पडेल. कोणत्याही धरणाच्या पाझराचा एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. जलाशयाची पातळी तीच असताना गेल्या वर्षीपेक्षा पाझर वाढला का, आणि पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे दोन प्रश्न विचारायचे. काँक्रीटच्या धरणात पहिला प्रश्न महत्त्वाचा. मातीच्या धरणात दुसरा जिवावरचा. मातीच्या भरावातून गढूळ पाणी येऊ लागले याचा अर्थ आतली माती वाहून चालली आहे, आणि तेथून पुढे मिळणारा वेळ दिवसांत नव्हे, कधी कधी तासांत मोजावा लागतो. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले ते मातीचे होते आणि त्याचे काम अपुरे असतानाच त्यात पाणी साठले होते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली; तेही मातीचे, लहान, आणि वाडीतल्या लोकांनी गळतीबद्दल आधी तक्रारी केल्या होत्या. खेकड्यांनी बांध पोखरल्याचे स्पष्टीकरण तेव्हा गाजले आणि त्याची बरीच थट्टाही झाली. प्राणी मातीच्या बांधात बिळे करतात हे खरे आहे. म्हणूनच ती शोधून बुजवणे हा पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीचा भाग असतो. आपली भीती कोयनेच्या बाजूला वळलेली असते, पण माझ्या मते महाराष्ट्रातील धोका अधिक प्रमाणात अशा लहान मातीच्या तलावांत आहे, जेथे ना गॅलरी आहे, ना उपकरणे, आणि चौकीदाराचे पदही कधी भरलेले असते, कधी नसते. आपल्या गावाच्या वरच्या अंगाला एखाद्या ओढ्यावर असा पाझर तलाव किंवा लघुपाटबंधारे तलाव असेल, तर कोयनेआधी तो जाऊन पाहा.

आता दरवाजे. कोयनेच्या सांडव्यावर सहा वक्राकार दरवाजे आहेत. पूर्ण भरलेल्या जलाशयाची क्षमता पूर्वी ९८.७८ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) होती. दरवाजांची उंची पाच फुटांनी वाढवल्यावर ती १०५.२५ टीएमसी झाली. म्हणजे वरच्या पाच फुटांत सुमारे साडेसहा टीएमसी पाणी मावते. हा आकडा मोठा वाटतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. एक लाख क्युसेकची, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट पाण्याची, आवक चोवीस तास राहिली तर ८.६४ टीएमसी पाणी येते. म्हणजे दरवाजे बंद ठेवले तर ती पाच फुटांची जागा अवघ्या अठरा तासांत भरते. पन्नास हजार क्युसेक सोडत राहिलो तरी दिवसाला ४.३२ टीएमसी साठा वाढतच राहतो. हे गणित आपण कागदावर स्वतः करू शकता: क्युसेकला ८६,४०० ने गुणायचे आणि शंभर कोटींनी भागायचे. रोजच्या बातमीतील आवक, विसर्ग आणि साठा हे तीन आकडे घेऊन हे गणित केले, तर दरवाजे केव्हा उघडावे लागतील याचा अंदाज आपल्याला सरकारी इशाऱ्याच्या आधीच येऊ लागेल.

कोयनेचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर, म्हणजे जलाशयाच्या मानाने लहान आहे. पण नवजा, कोयनानगर आणि महाबळेश्वर येथे वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग थोड्या आठवड्यांत कोसळतो. त्यात हे धरण मुळात विजेसाठी बांधलेले. वीजनिर्मितीला जलाशय भरलेला हवा असतो आणि पूरनियंत्रणाला तो रिकामा हवा असतो. एकाच तलावाकडून दोन्ही अपेक्षा करणे हा आमच्या व्यवसायातला कायमचा पेच आहे. त्यावर उपाय म्हणून जलाशय परिचालन सूची असते: कोणत्या तारखेला पातळी किती असावी, आणि ती ओलांडली तर किती पाणी सोडावे, हे तिच्यात ठरलेले असते. अडचण अशी की, जुलैअखेर जागा ठेवायला पाणी सोडले आणि ऑगस्ट-सप्टेंबर कोरडे गेले तर ‘पाणी वाया घालवले’ म्हणून टीका होते, आणि जागा ठेवली नाही व ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस झाला तर सांगलीकरांचे शिव्याशाप मिळतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णाकाठाने काय सोसले ते आपण पाहिले आहे. त्या पुराला केवळ कोयना जबाबदार नव्हती. धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटातला पाऊसच विलक्षण होता. तरीही परिचालन सूची अधिक सावध असावी आणि पावसाच्या अंदाजाशी ती जोडलेली असावी, या मताचा मी आहे, मग एखाद्या वर्षी साठा दोन-चार टीएमसीने कमी राहिला तरी चालेल.

दरवाजांची यांत्रिक बाजू लोकांना कंटाळवाणी वाटते. मला तीच सर्वांत काळजीची वाटते. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटली आणि अख्खा दरवाजा वाहून गेला. भिंतीला काहीही झालेले नव्हते, पण ती जागा तात्पुरत्या फळ्यांनी बंद होईपर्यंत सुमारे आठवडा गेला आणि दाब कमी करण्यासाठी इतर दरवाजे उघडून साठ्यातले पुष्कळ पाणी सोडून द्यावे लागले. धरण जुने होते तेव्हा काँक्रीटआधी थकतात ते दोर, साखळ्या, बिजागऱ्या, रबरी सील आणि मोटारी. मे महिन्यात प्रत्येक दरवाजा पूर्ण उंचीपर्यंत उचलून पाहिला का, वीज गेल्यावर चालणारे डिझेल जनित्र भारासहित चालवून पाहिले का, आणि ते बंद पडले तर हाताने दरवाजा उचलायला किती माणसे आणि किती वेळ लागतो, हे मी तपासणीत प्रथम विचारतो. भर पुरात विजेचे खांब आधी पडतात, हे घाटातल्या माणसाला सांगायला नको.

धरणाच्या पश्चिमेकडची कथा आपल्या गावाशी थेट संबंधित नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. जलाशयाचे बरेचसे पाणी नवज्याजवळून बोगद्याने सह्याद्रीच्या पोटात उतरते, पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून कोळकेवाडीला जाते आणि शेवटी वाशिष्ठी नदीला मिळते. सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे आणि कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ आणि २५ एप्रिल २०१२ रोजी लेक टॅपिंग करून, म्हणजे जलाशयाच्या तळाशी पाण्याखालचा खडक स्फोटाने फोडून, बोगदे तलावाला जोडले गेले. तेव्हाही धरणाला धोका होईल अशी शंका पुष्कळांनी बोलून दाखवली होती आणि दोन्ही वेळा काम सुरळीत झाले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा कोळकेवाडीच्या विसर्गावरून वाद झाला. त्या वादात न शिरता एवढेच म्हणतो की, वीजगृहातून सोडलेले पाणी हेसुद्धा नदीत सोडलेले पाणीच असते, आणि भरती, पाऊस व निर्मिती या तिन्हींचे वेळापत्रक एकत्र पाहणारी व्यवस्था खोऱ्यात असली पाहिजे. पूर्वेकडे, आपल्या बाजूला, पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेकपर्यंत पाणी येते. त्याने नदीपात्रात वाढ होते, पण गावाला धोका नसतो. तरी कपडे धुणारे आणि जनावरे धुणारे यांना ही वाढ अचानक गाठते, म्हणून भोंग्याकडे दुर्लक्ष करू नये.

परिसराची सुरक्षितता म्हणजे धरणाच्या भोवतीचे डोंगरही आले. इटलीतील वायोंत धरणाच्या जलाशयात ९ ऑक्टोबर १९६३ ला डोंगराचा प्रचंड कडा घसरला. उसळलेली लाट भिंतीवरून गेली आणि खालच्या गावांतली सुमारे दोन हजार माणसे मेली, भिंत मात्र आजही उभी आहे. कोयनेच्या जलाशयाच्या काठांवर तशी परिस्थिती असल्याचे मला दिसलेले नाही, कारण बेसाल्टचे थर बहुतांशी आडवे आहेत. परंतु त्या थरांवर बसलेली लाल माती अतिवृष्टीत खाली येते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील मिरगाव, आंबेघर आणि ढोकावळे येथे दरडींनी घरे गाडली, तीही धरण सुस्थितीत असताना. आपली जागा नदीपासून वर, पण उताराच्या पायथ्याशी असेल, तर तेथे पुराचा प्रश्न सुटतो आणि दरडीचा सुरू होतो, हे ध्यानात घ्या.

जलाशयाच्या वरच्या अंगाला कोयना अभयारण्य आणि पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. वन्यजीवांसाठी ते जेवढे महत्त्वाचे, तेवढेच ते धरणाच्या आयुष्यासाठीही आहे. झाकलेल्या उतारांवरून गाळ कमी येतो. या जंगलाची आणि या पाण्याची किंमत ज्यांनी मोजली, ती गावे मात्र तळाशी गेली आणि त्यांतील अनेक कुटुंबांचे पुनर्वसन साठ वर्षांनंतरही अपुरे राहिले आहे. कांदाटी खोऱ्यातल्या वाड्यांना तापोळा-बामणोलीला यायला अजूनही बोटीचा आधार घ्यावा लागतो. धरणाच्या सुरक्षिततेच्या अहवालात या गोष्टींसाठी रकाना नसतो. तो असावा असे मला वाटते, कारण आणीबाणीत ज्यांना बाहेर काढायचे आहे त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ताच नसेल तर आराखडा कागदावर राहतो.

आता आपण काय करावे, ते सांगतो. जलसंपदा विभागाच्या पाटण किंवा सातारा येथील कार्यालयात आपल्या गट क्रमांकासह जाऊन पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, आणि लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधू नका. नियमही तेच सांगतो आणि परवानगी मिळवून देणारा कोणी भेटला तरी पाणी परवानगी पाहत नाही. दोन रेषांच्या मध्ये जागा असेल, तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर नेता येते का ते पाहा आणि नेता येत नसेल तर जागा बदला. पंचवीस वर्षांतून एकदा याचा अर्थ या वर्षी आला म्हणजे पुढली चोवीस वर्षे निश्चिंत, असा नाही. दरवर्षी चार टक्के शक्यता, असा आहे. घरावर तीस वर्षांचे कर्ज काढणार असाल तर त्या तीस वर्षांत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सत्तर टक्क्यांहून अधिक होते. नकाशा मिळेपर्यंत वाट पाहावी लागली तर २००५, २०१९ आणि २०२१ चे पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते ते गावातल्या तीन-चार वेगवेगळ्या घरी विचारून, लेव्हल घेणाऱ्या सर्वेक्षकाकडून त्या खुणा आपल्या जागेवर आणून घ्या.

दुसरे काम ग्रामपंचायतीचे आहे. धरण सुरक्षा कायदा २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक आहे, आणि जुन्या धरणांसाठीही आणीबाणी कृती आराखडा पाच वर्षांत तयार करायचा आहे. पाणी कोठपर्यंत आणि किती वेळात पोहोचेल याचे नकाशे, सूचना कोणी कोणाला द्यायची आणि लोकांनी कोठे जायचे, हे या आराखड्यात असते. ग्रामसभेत ठराव करून आपल्या गावापुरता भाग लेखी मागवा आणि वर्षातून एकदा, शक्यतो जूनच्या पहिल्या आठवड्यात, भोंगा वाजवून त्याची रंगीत तालीम घ्यायला लावा. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे; तपासणीत कोणत्या त्रुटी आढळल्या आणि त्यांपैकी किती दूर झाल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. प्रश्न विचारताना ‘धरण सुरक्षित आहे का’ असा विचारू नका, त्याचे उत्तर ‘होय’ असेच येईल. मागील तीन वर्षांच्या मान्सूनपूर्व अहवालांतील दरवाजांसंबंधीच्या त्रुटी आणि त्यांवरील कार्यवाही, असा नेमका मागा.

शेवटी घराच्या बांधणीविषयी, कारण १९६७ मध्ये माणसे मेली ती घरांमुळे. जोत्याच्या, खिडक्या-दारांच्या वरच्या आणि छताच्या पातळीवर चारही भिंतींना सलग फिरणारे सळईयुक्त काँक्रीटचे पट्टे घालून घ्या आणि कोपऱ्यांत उभ्या सळया पायापासून छतापर्यंत अखंड न्या. मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर जड स्लॅब टाकण्याचा मोह टाळा. जुने जोते चांगले दगडी आहे म्हणून त्यावरच नवे आरसीसी उभे करू, असे गवंडी सुचवतील, तेही ऐकू नका. जोते आणि नवा सांगाडा वेगवेगळे हलतात आणि पहिला तडा त्यांच्या सांध्यावरच जातो. या सगळ्याने बांधकामाचा खर्च थोडाच वाढतो. संकल्पन मात्र तालुक्यातील नोंदणीकृत स्थापत्य अभियंत्याकडून, चौथे भूकंपक्षेत्र धरून, लेखी करून घ्या आणि सळया बांधून झाल्यावर काँक्रीट ओतण्याआधी त्याला जागेवर बोलवा.